परड्यात लावे, पडवीत मांजर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. राजापूर तालुक्यातल्या मूळ घरी तुम्ही यंदा कायमचे राहायला आलात. परड्याच्या गडग्यापलीकडे, म्हणजे दगडी कुंपणापलीकडे, काजूची बाग आणि तिच्या वरच्या अंगाला सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार. उजाडताना गडग्याच्या कडेने लावे तुरुतुरु पळताना दिसतात, कधी चार-सहा, कधी एकटाच. लेकीला ते जवळून दाखवता यावेत म्हणून तुम्ही गडग्याशी मूठभर कणी टाकायला लागलात. घरात दोन वर्षांची मांजरी आहे. परवा ती त्याच गडग्यावर पोट टेकून, शेपटीचं टोक हलवत बसलेली दिसली, म्हणून तिच्या गळ्यात घुंगरू बांधलंत. एवढं पुरेल का, हे विचारलंय. शेवटी जाता जाता लिहिलंय की पुढच्या आठवड्यात गवत काढायला माणूस येणार आहे.

घुंगरू पुरणार नाही. पण मला घुंगरापेक्षा काळजी वाटते ती कणीची, आणि त्याहून जास्त त्या शेवटच्या वाक्याची. आमची गुहागरकडे आंब्या-काजूची बाग आहे, घरात मांजर नाही असं वर्ष आठवत नाही, आणि सडे पालथे घालत पक्षी बघण्याचा नाद जुना आहे. तेव्हा मांजर हाकलून द्या असं मी सांगणार नाही.

खरी अडचण अशी की लाव्याचं सगळं आयुष्य जमिनीवर जातं. खाणं जमिनीवर, रात्रीची झोप जमिनीवर, अंडी जमिनीवर. बुलबुल किंवा दयाळ मांजर दिसलं की फांदीवर चढून आरडाओरडा करतो. लावा उलट जागीच थिजतो. पाठीवरच्या तपकिरी-काळ्या नक्षीमुळे तो वाळक्या पाल्यात दिसेनासा होतो, आणि पाऊल अगदी अंगावर येईपर्यंत हलत नाही. वरून टेहळणाऱ्या शिक्र्यापुढे ही युक्ती चालते. मांजर मात्र कानाने शोधतं, आणि एकदा चाहूल लागली की अर्धा तास हलत नाही. म्हणजे लाव्याचा जो बचाव, तोच मांजराच्या सोयीचा. त्यात आपण रोज एकाच जागी, एकाच वेळी कणी टाकली की मांजराला शोधायचे कष्टही उरत नाहीत. तुमची मांजरी गडग्यावर नेमकी तिथेच बसली हा योगायोग नाही.

तेव्हा कणी आजपासून बंद. लाव्यांना तिची गरजही नाही. सड्यावर या दिवसांत गवताचं बी पडलेलं असतं, वाळवी असते, बारीक किडे असतात. उरलेली कणी रात्री उंदीर खातात, उंदरांमागे साप येतात, आणि आपल्या भागात साप म्हणजे फुरसं आणि घोणस हे धरूनच चालायचं. कोंबड्या पाळत असाल तर आणखी एक कारण: रानपाखरं आणि कोंबड्या एका जागी टिपायला लागल्या की रोगांची देवाणघेवाण होते.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. तुमच्याकडे दिसणारा पक्षी नेमका कोणता, मांजरी पिल्लं देणारी आहे की शस्त्रक्रिया झालेली, शेजारच्या वाडीतली मांजरं-कुत्री किती फिरतात, आणि गडग्यापलीकडे किती आडोसा आहे, यावर उत्तर थोडं बदलतं. यातलं पहिलं जरा नीट बघू, कारण तुमच्या वर्णनावरून दोन वेगळे पक्षी असावेत असा माझा अंदाज आहे.

चार-सहा एकत्र, एकामागोमाग एक ओळीने पळणारे, ते बहुधा रानलावे. नराच्या पोटावर पांढऱ्यावर काळ्या बारीक आडव्या रेघा असतात, मादीचं पोट विटकरी-तांबूस. दोघांच्याही गळ्याला आणि भुवईला तांबूस रंग. हे थव्यानेच राहतात. रात्री झुडपाखाली जमिनीवर एकमेकांना चिकटून, तोंडं बाहेर करून गोल बसतात. त्यामुळे काहीही आलं तरी कुणाला तरी दिसतं, आणि मग सगळे एकदम फर्रकन चहूदिशांना उडतात. पाय पडता पडता हे झालं की माणसाचं काळीज हलतं. उडतात मात्र थोडंच, पंधरा-वीस पावलांवर परत गवतात उतरतात, आणि थोड्या वेळाने हळू शिट्या घालत एकमेकांना गोळा करतात. ही गोळा होण्याची वेळ फार नाजूक. थवा फुटलेला असतो, प्रत्येक जण एकटा असतो आणि वर आवाजही करत असतो. मांजराने थवा उठवला आणि हाती काही लागलं नाही, तरी ते तिथेच बसून राहिलं तर पुढच्या दहा मिनिटांत लागू शकतं. म्हणून थवा उडाला म्हणजे सुटले, असं समजू नका.

एकटा किंवा जोडीने दिसणारा, आणखी जरा बारका, तो दुर्लाव असण्याची शक्यता बरीच. हा दिसायला लाव्याचा धाकटा भाऊ, पण गोत्र निराळं: शास्त्रज्ञ त्याला कुरव आणि सुरय या आपल्या किनाऱ्यावरच्या पक्ष्यांच्या गणात धरतात. पायाला मागचं बोट नसतं, तीनच बोटं. याच्यात मादी मोठी आणि रंगाने ठळक, हनुवटीपासून छातीपर्यंत काळी. हाक घालते तीही मादीच. लांब डोंगरात कुणी मोटरसायकल चालू केल्यासारखा घुमणारा तो आवाज नेमका कुठून येतोय ते कळत नाही. अंडी घातली की ती दुसऱ्या नराच्या शोधात निघून जाते. अंडी उबवणं, पिल्लं फिरवणं सगळं बापाकडे. अंडी साधारण चार, दोन आठवड्यांच्या आत पिल्लं बाहेर येतात आणि लगेच चालायला लागतात. रुपयाच्या नाण्याहून थोडीच मोठी, आणि उडता येत नाही.

हे एवढं सांगायचं कारण असं की दुर्लाव वर्षात जवळजवळ कधीही अंडी घालतो. रानलावा बहुतेक पावसाच्या अखेरीपासून थंडीभर. म्हणजे आत्ता, दिवाळीनंतरच्या या दिवसांत, तुमच्या गडग्यापलीकडच्या गवतात अंडी किंवा पिल्लं असू शकतात, दोघांपैकी कुणाचीही. पावसाळ्यात भाताच्या बांधावर ‘व्हिट-व्हिट’ करून ओरडणारा, काळ्या छातीच्या नराचा पावसाळी लावा वेगळा. तो तुम्हाला पुढच्या जूननंतर भेटेल. घाटाच्या अंगाला गेलात तर लाल चोचीचा, लाल पायांचा चित्र-लावाही आहे, पण तो तुमच्या परड्यातला नव्हे.

मांजराकडे येऊ. पोटभर खाणारं मांजर शिकार करत नाही, ही समजूत सोडून द्या. भूक आणि शिकार यांचा त्यांच्यात थेट संबंध नसतो. ‘घरी कधी पक्षी आणलेला नाही’ हाही पुरावा नव्हे. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात मांजरांच्या गळ्यात छोटे कॅमेरे बांधून बघितलं, तेव्हा पकडलेल्या भक्ष्यापैकी २३ टक्केच घरी आलं होतं. निम्मं जागेवरच टाकून दिलेलं होतं.

घुंगराबद्दल: २०२१ साली इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाचा अभ्यास प्रसिद्ध झाला, नैर्ऋत्य इंग्लंडमधल्या २१९ घरांतल्या ३५५ मांजरांवरचा. घंटीचा स्पष्ट परिणाम दिसला नाही. रंगीबेरंगी कापडी गळपट्ट्याने पक्ष्यांची शिकार ४२ टक्क्यांनी कमी झाली, कारण पक्ष्यांना रंग लांबून दिसतो. मांसाचं प्रमाण जास्त असलेलं, धान्यविरहित खाणं दिलेल्या मांजरांनी घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी कमी भरली, आणि रोज पाच-दहा मिनिटं दोरीला पीस बांधून खेळवलं तर २५ टक्क्यांनी. मला यात सगळ्यात पटतो तो खेळ. फुकट आहे, आणि तुमची लेक आनंदाने करेल.

पण हे आकडे जसेच्या तसे आपल्या परड्याला लावू नका. अंड्यांवर बसलेला बाप घंटी ऐकून काय करणार? तो बसूनच राहतो. पिल्लांना गळपट्टा दिसला तरी पळायला पंख नाहीत. म्हणून मी गळ्यात काय बांधायचं यापेक्षा मांजर कोणत्या वेळी बाहेर असतं यावर भर देते. (घुंगरू ठेवायचंच असेल तर ओढ बसली की आपोआप सुटणारा पट्टा घ्या. करवंदीच्या जाळीत साधा पट्टा अडकून मांजर लटकतं.)

वेळेची वाटणी अशी. लावे चरायला उघड्यावर येतात ते उजाडल्यापासून उन्हं तापेपर्यंत आणि पुन्हा उन्हं उतरल्यावर. मांजराच्याही शिकारीच्या वेळा नेमक्या त्याच. तेव्हा दिवेलागणीच्या आधी मांजरी घरात, आणि सकाळी नऊ-साडेनऊनंतर बाहेर. भर दुपारी ती कुठेतरी सावलीत लोळणार, लावेही झुडपाच्या बुडाशी दडलेले असतात. धोका शून्य होत नाही, बराच कमी होतो.

घरातली मोठी माणसं म्हणणार, मांजर कोंडलं तर उंदीर कोण धरणार? आमच्याकडे हा वाद झाला आहे, आणि त्याचं उत्तर सोपं आहे. उंदीर रात्री कुठे असतात? माळ्यावर, भाताच्या कणगीशी, पडवीतल्या लाकडांत. मांजर रात्री घरात असलं तर ते कामावरच असतं. उलट सड्यावर गेलेलं मांजर घरच्या उंदरांच्या काही उपयोगाचं नाही. शिवाय रात्री बाहेर फुरसं आहे, बिबट्या आहे. कोकणात रात्री बाहेर राहणाऱ्या मांजरांपैकी किती म्हातारी होतात, हे जुन्या माणसांनाच विचारा. हा मुद्दा लाव्यांपेक्षा लवकर पटतो, असा अनुभव.

आत यायची सवय लावायला संध्याकाळचं जेवण पक्कं करा. रोज एकाच वेळी, एकाच वाटीचा आवाज करून, घराच्या आतच. सकाळी बाहेर सोडण्याआधी थोडंच द्या, म्हणजे संध्याकाळी हाकेला येते. बांगड्या-तारल्यांची डोकी चालतील, पण शिजवून आणि बिनमिठाची. काही कच्च्या माशांमध्ये ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो, रोज कच्चे दिले तर मांजर आजारी पडतं. पहिले आठ-दहा दिवस ती पहाटे दाराशी बसून घर डोक्यावर घेईल. तेव्हा उठून दार उघडलंत तर तिला कळतं की ओरडलं की दार उघडतं, आणि मग महिनाभर झोप विसरा.

शस्त्रक्रिया झाली नसेल तर करून घ्या. त्याने शिकारीची वृत्ती जात नाही, पण भटकणं कमी होतं. शिवाय पिल्लं असलेली मांजरी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त शिकार करते, आणि दोन महिन्यांत व्याते. एकाची सहा मांजरं व्हायला वर्ष लागत नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी फोन करून विचारा, मांजरांच्या शस्त्रक्रियेची सोय सगळीकडे नसते. रेबीजची लस त्याच फेरीत उरकून घ्या.

आता बघायचं कसं, कारण मूळ इच्छा ती आहे आणि ती पुरी होण्यासारखी आहे. पक्षी जवळ आणू नका, दुर्बीण आणा. आठ पटीची, ४२ मिलिमीटर भिंगाची साधी दुर्बीण असली की पडवीच्या गजांआडून गडग्यापलीकडचा लावा डोळ्याच्या रंगासकट दिसतो. सकाळच्या वेळी मांजरी घरात आहे, तुम्ही आणि लेक पडवीत आहात, दार बंद आहे. यापेक्षा चांगली जागा नाही. लाव्यांच्या वाटा ठरलेल्या असतात. रोज त्याच गडग्याच्या भगदाडातून, त्याच करवंदीखालून जातात. दोन-चार सकाळी नुसतं लक्ष ठेवलं की वाट कळते. मोकळ्या मातीत वाटीएवढे उथळ खळगे दिसले तर ती त्यांची धुळीत अंघोळ करायची जागा. ऊन जरा वर आलं की तिथे पंख फुलवून लोळतात, आणि मुलांना हे दृश्य फार आवडतं.

मोबाइलवर त्यांचा आवाज लावून बोलवू नका. दुर्लावाची मादी दुसऱ्या मादीचा आवाज ऐकून भांडायला उघड्यावर येते. फासेपारधी पूर्वी पिंजऱ्यातली मादी ठेवून याच जोरावर दुसऱ्या माद्या धरायचे. आपण गंमत म्हणून तेच करायचं कशाला?

काही द्यायचंच असेल तर मार्च ते मे पाणी द्या, पऱ्हे आटल्यावर. बोटाच्या दोन पेरांएवढं उथळ पसरट भांडं, आत चार दगड, म्हणजे पिल्लू पडलं तरी चढून येईल. ठेवायचं गडग्याशी नाही, बागेच्या वरच्या टोकाला, आणि भोवती चार पावलं मोकळी जागा सोडून. भांड्याला झुडूप चिकटून असलं की मांजर तिथे दबा धरतं.

आणि आता गवत. हे शेवटी ठेवलंय, पण तुमच्यासाठी सगळ्यात तातडीचं हेच आहे. मांजर एक-दोन पक्षी मारेल. ग्रासकटर एका सकाळी सगळी घरटी, पिल्लं आणि वर्षभराचा आडोसा घालवतो. थिजून बसण्याची सवय यंत्रापुढेही बदलत नाही. पाती अंगावर येईपर्यंत बाप अंड्यांवरून उठत नाही. त्यात आडोसा गेला की उरलेले लावे गडग्याच्या कडेला, म्हणजे मांजराच्या वाटेवर, गोळा होतात.

गवत काढूच नका असं म्हणत नाही. गुरांना लागतं, काजूच्या बुंध्याशी साफ लागतं, आणि पुढे वणव्याची भीती असते. पण काढायची पद्धत बदलता येते. घराभोवती आणि बुंध्यांभोवती काढा. वणव्यासाठी बागेच्या कडेने आठ-दहा हातांचा पट्टा पूर्ण साफ करा. मधल्या भागात सड्याच्या अंगाला एक रुंद पट्टा तसाच उभा ठेवा, करवंदीच्या जाळ्यांना जोडून. काढताना घराकडून सुरुवात करून सड्याकडे सरकत जायचं. कडेने फिरत मध्ये यायचं नाही, नाहीतर पक्षी मधल्या तुकड्यात कोंडतात. पातं जमिनीपासून वीतभर वर. विळ्याने काढणारा माणूस मिळाला तर उत्तमच, त्याला घरटं दिसतं तरी. तणनाशक मारायचा विचार असेल तर निदान या पट्ट्यात नको.

काढताना लावा पायाखालून उठला आणि जागेवर अंडी दिसली, तर हात लावू नका, काठी रोवून फडकंही बांधू नका. कावळे आणि मुंगूस अशा खुणा पटकन शिकतात. भोवतालचं चार-पाच पावलांचं गवत सोडून पुढे जा आणि तीन आठवडे तिकडे फिरकू नका. पिल्लं एकटी पळताना दिसली तर ती अनाथ नाहीत, बाप किंवा थवा जवळच आहे. मांजर आत घ्या, आपणही आत या. घरी आणून वाढवायचा मोह होतो, पण रानलावा असो की दुर्लाव, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पकडणं, पाळणं, अंडी उचलणं सगळंच गुन्हा आहे. बाजारात बटेर म्हणून मिळतो तो जपानी लावा पाळीव आहे, त्याच्याशी याची गल्लत नको. आणि तो आणून सड्यावर सोडायचीही कल्पना नको.

मांजराने धरलाच, तर जखम दिसत नसली तरी सोडून देऊ नका. मांजराच्या लाळेतले जंतू दातांच्या सुईएवढ्या भोकातून आत जातात आणि पक्षी एक-दोन दिवसांत मरतो. भोकं पाडलेल्या खोक्यात, फडक्यावर, अंधारात ठेवा, चोचीत पाणी ओतू नका, आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करून पशुवैद्याकडे पोचवा.

गवत काढायला येणाऱ्या माणसाशी मात्र आदल्या दिवशीच बोला, सकाळी यंत्र सुरू झाल्यावर नव्हे. ते लोक एकूण क्षेत्रावर पैसे ठरवतात, त्यामुळे पट्टा सोडायला त्यांची हरकत नसते. हरकत असते ती हळू जायला आणि पातं वर धरायला. जिथे असं हळू काढायचं त्या दोन-तीन गुंठ्यांचे थोडे जास्त पैसे कबूल करा. आणि त्याआधी एखाद्या सकाळी त्या एकट्या फिरणाऱ्या पक्ष्याचा गळा दुर्बिणीतून बघा. काळा असेल तर ती दुर्लावाची मादी. मग अंड्यांवरचा नर जवळपास कुठेतरी आहे असं धरा, आणि गडग्यालगतचं गवत यंदा विळ्यानेच काढून घ्या.